न ऐकू येणारी टिकटिक



भाषाविज्ञानाचा अभ्यास सुरू केला की एक प्रश्न तुम्हांला वारंवार भेटतो. शब्दाचा अर्थ नेमका कोठे असतो? शब्दाच्या ध्वनीत, बोलणाऱ्याच्या मनात, की शब्दकोशाच्या पानावर? या प्रश्नाची पाठ्यपुस्तकी उत्तरे तुम्ही मागील घटकांत वाचलीच असतील. येथे मी तो प्रश्न एका जुन्या मोटारीच्या आधाराने मांडणार आहे. तुमच्यापैकी अनेक जण दिवसभर गॅरेजात, कारखान्यात, दुकानात किंवा शेतावर राबून रात्री ही पुस्तिका उघडतात, याची मला जाणीव आहे. त्यामुळे पाना आणि पक्कड यांचा उल्लेख या पाठात आला तर तो तुम्हांला परका वाटणार नाही. उलट काही ठिकाणी तुम्हीच माझ्यापेक्षा अधिक जाणते असाल.

आमची मोटार चार सिलिंडरची, कार्ब्युरेटरवर चालणारी, पेट्रोलची. नोंदणीची पंधरा वर्षे कधीच उलटलेली आणि नूतनीकरणही झालेले. घरात ती टिकून राहिली याचे कारण हौस हे नव्हे. माझी आई ब्याऐंशी वर्षांची आहे. तिचे दोन्ही गुडघे निकामी झालेले आहेत. हल्लीच्या उंच गाड्यांत तिला चढता येत नाही. या गाडीचे आसन मात्र तिच्या उंचीला जुळते. आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिससाठी पाचगणीहून साताऱ्यास न्यावे लागते. जाताना पसरणी घाट उतरायचा आणि येताना चढायचा. वाईपासून पाचगणीपर्यंत रस्ता सारखा चढत जातो आणि पाचगणी तर सुमारे १३०० मीटर उंचीवर आहे. चार तास यंत्राला जोडलेले शरीर थकून मागच्या आसनावर पडलेले असते, तेव्हा गाडी वळणावर बंद पडणे परवडत नाही.

आणि नेमका तोच संभव निर्माण झाला. वाईच्या बाजारपेठेत गाडी उभी असली की इंजिन थरथरू लागे. त्या थरथरण्याला एक लंगडी लय होती. तीन पावले नीट आणि चौथे अडखळलेले. सपाट रस्त्यावर वेग घेतला की हे लक्षण बरेचसे नाहीसे होई. घाट लागला की मात्र जी गाडी तिसऱ्या गिअरवर चढत असे तिला दुसऱ्यावर आणावे लागे, मग पहिल्यावर. मागून आई म्हणे, “गाडीला धाप लागली रे.”

एका कार्यशाळेत गाडी दाखविली. तेथील तरुणाने बॉनेट उघडले, दोनदा ॲक्सिलरेटर दिला आणि निर्णय सांगितला, “इंजिन उतरवावं लागेल.” खर्चाचा आकडा गाडीच्या किमतीहून मोठा होता. एका नातलगाने निराळे स्पष्टीकरण दिले. घाटावर हवा विरळ असते, म्हणून गाडी दमते. दुसऱ्याने पेट्रोलमधील भेसळीवर बोट ठेवले. तिसऱ्याचा सल्ला असा की प्लग, कॉइल आणि कार्ब्युरेटर एकदमच बदलून टाकावे, म्हणजे काहीतरी लागू पडेलच.

येथे थोडे थांबून ‘लागणे’ या क्रियापदाकडे पाहा. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, वेळ लागतो, नोकरी लागते आणि गाडीला धापही लागते. क्रियापद एकच. ‘लागणे म्हणजे काय?’ असे सुटे विचारले तर उत्तर देता येत नाही. शेजारी कोणता शब्द आहे, वाक्य कोणत्या प्रसंगी उच्चारले गेले, हे कळले की अर्थ ठरतो. इंजिनाचे थरथरणे हे असेच अनेकार्थी आहे. ठिणगी कमी पडली तरी इंजिन थरथरते. हवा नको तेथून आत शिरली तरी थरथरते. पेट्रोल कमी आले किंवा जास्त आले तरी तेच. सिलिंडरमध्ये दाब टिकत नसेल तरी तेच. ज्या कोणी थरथरणे ऐकताक्षणी एक अर्थ सांगितला, त्याने वाक्य न वाचताच शब्दाचा अर्थ सांगितला असे म्हणावे लागेल.

वाईतील एका जुन्या मिस्त्रींकडे गाडी गेली, तेव्हा बॉनेट उघडण्यापूर्वी त्यांनी प्रश्नांना प्रारंभ केला. “सर, हे सकाळी गार असताना होतंय का तापल्यावर? उभी असताना जास्त का चालताना? चढाला दम जातो तो हळूहळू का एकदम? धूर कसला येतो?” धुराच्या रंगालाही अर्थ असतो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, काळा म्हणजे पेट्रोल जास्त होते आहे, आणि इंजिन तापल्यावरही न थांबणारा दाट पांढरा धूर म्हणजे पाणी आत शिरते आहे. आमच्या गाडीला धूर नव्हता. क्षेत्रीय भाषाभ्यास करणाऱ्याला ही पद्धत ओळखीची वाटेल. बोलीभाषकाला आपण ‘तुमच्या बोलीचे व्याकरण सांगा’ असे विचारीत नाही. ‘काल पाऊस पडला हे तुमच्याकडे कसे म्हणतात?’ असे विचारतो आणि नियम आपण शोधतो. मिस्त्रींनी मला ‘काय बिघडले आहे?’ असे एकदाही विचारले नाही.

विरळ हवेचे स्पष्टीकरण त्यांनी एका वाक्यात निकालात काढले. “पाचगणी काय ह्याच वर्षी उंच झाली का?” उंचीवर हवा विरळ असते आणि त्यामुळे इंजिनाची शक्ती काहीशी घटते, हे खरेच आहे. परंतु ती पूर्वीही तेवढीच घटत होती. आपल्याला स्पष्टीकरण हवे होते ते बदलाचे, आणि जे स्थिर आहे ते बदलाचे कारण होऊ शकत नाही. भाषेच्या इतिहासातही हे तत्त्व विसरून चालत नाही.

मात्र आईचे वाक्य मी सांगितले तेव्हा ते लक्ष देऊन ऐकत राहिले. “धाप म्हणाल्या? म्हणजे झटके न्हाईत. पेट्रोल अडकलं तर गाडी आचके देती. धाप म्हणजे जोरच कमी.” आईला इंजिनाचे ज्ञान शून्य आहे, पण शब्द तिने अचूक निवडला होता.

मग परीक्षा सुरू झाली. इंजिन चालू ठेवून त्यांनी रबरी मुठीच्या पक्कडीने पहिल्या सिलिंडरच्या प्लगची वायर उपसली. इंजिन लगेच खचले. वायर परत बसविली. दुसरी उपसली, पुन्हा खचले. तिसरी उपसली, काहीही फरक पडला नाही. चौथी उपसली तेव्हा इंजिन बंद पडता पडता राहिले. “तीन नंबर कामच करत न्हाई,” ते म्हणाले. (हा प्रयोग उघड्या हातांनी करू नये. प्लगच्या वायरीत काही हजार व्होल्ट असतात, आणि इलेक्ट्रॉनिक प्रज्वलनाच्या गाड्यांत अशी वायर उपसल्याने सुटे भाग निकामी होण्याचा धोका असतो.)

ही परीक्षा तुम्ही स्वनिमविचाराच्या घटकात शिकला आहात. ‘वेळ’ मधील ळ काढून तेथे ल ठेवा. ‘वेल’ होते आणि अर्थ बदलतो. ‘मन’ मधील न च्या जागी ण ठेवा. ‘मण’ होते आणि अर्थ पुन्हा बदलतो. याचा अर्थ हे ध्वनी मराठीत काम करीत आहेत. अशा जोडीला आपण न्यूनतम युग्म म्हणतो. उलट ‘कवि’ लिहा किंवा ‘कवी’, बोलण्यात ऐकणाऱ्याला अर्थाचा फरक जाणवत नाही. तेथे ऱ्हस्व-दीर्घाचा भेद असून नसल्यासारखा आहे. एखादा घटक काम करतो की नाही, हे त्याच्याकडे टक लावून पाहिल्याने कळत नाही. तो बदलावा किंवा काढावा आणि काय बदलते ते ऐकावे. तिसऱ्या सिलिंडरची वायर जागेवर होती, ठिणगीही पडत होती. पण ती काढल्याने फरक पडला नाही, म्हणजे तो सिलिंडर असून नसल्यासारखा होता.

मात्र तिसरा सिलिंडर का काम करीत नाही, हे अजून कळले नव्हते. मिस्त्रींनी तिसऱ्याचा प्लग काढून दुसऱ्यात बसविला आणि दुसऱ्याचा तिसऱ्यात. दोष प्लगमध्ये असता तर तो प्लगबरोबर दुसऱ्या सिलिंडरकडे गेला असता. तो गेला नाही. मग वायरींची अदलाबदल केली. दोष तिसऱ्यातच राहिला. प्रत्येक वेळी त्यांनी एकच वस्तू बदलली आणि बाकी सर्व तसेच ठेवले. प्लग, कॉइल आणि कार्ब्युरेटर एकदम बदलण्याचा सल्ला का घातक होता, हे येथे लक्षात येते. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली, तरी कशाने सुधारली हे कळत नाही. नाही सुधारली तर आपण आणखी अंधारात जातो. शिवाय नव्या सुट्या भागात दोष असेल तर एकाचे दोन रोग होतात.

यानंतर त्यांनी पाण्याची बारीक फवारणी इन्टेक मॅनिफोल्डच्या सांध्यांवर आणि रबरी नळ्यांवर केली. तेथे फट असती तर पाणी आत ओढले जाऊन इंजिनाचा सूर क्षणभर बदलला असता. तो बदलला नाही. म्हणजे वाट चुकलेल्या हवेचा संशयही मिटला. नंतर सर्व प्लग काढून त्यांनी प्रत्येक सिलिंडरचा दाब मापकाने मोजला. पहिल्यात १४०, दुसऱ्यात १३५, चौथ्यात १४०. आणि तिसऱ्यात ७०. हे आकडे दर चौरस इंचावरील पौंडांचे.

“आता दोनच जागा उरल्या,” मिस्त्री म्हणाले. दाब पिस्टनच्या रिंगांवाटे खाली निसटत असेल, किंवा व्हॉल्व्हवाटे वर. त्यांनी तिसऱ्या सिलिंडरमध्ये प्लगच्या छिद्रातून चमचाभर इंजिन ऑइल सोडले आणि दाब पुन्हा मोजला. रिंगा झिजलेल्या असत्या तर ऑइलने त्यांच्या कडेच्या फटी तात्पुरत्या बुजल्या असत्या आणि दाब चढला असता. व्हॉल्व्ह वर असतात. तेथे हे ऑइल पोहोचत नाही. दाब ७५ च्या पुढे गेला नाही. रिंगा निर्दोष ठरल्या, आणि त्याबरोबरच रिंगांसाठी इंजिन उतरविण्याचे कारणही संपले.

प्लग परत बसवून इंजिन सुरू केल्यावर मिस्त्रींनी एक लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, त्याचे टोक टॅपेट कव्हरवर टेकवले आणि मूठ कानाला लावली. वैद्याने नाडी पाहावी तसे ते एकेक जागा पुढे सरकत होते. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हपाशी ते थांबले आणि स्क्रूड्रायव्हर माझ्या हाती दिला. “काय ऐकू येतं?”

मला काहीच ऐकू आले नाही. आणि तेच उत्तर होते.

व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यामध्ये केसाएवढी फट ठेवलेली असते. इंजिन तापले की व्हॉल्व्हची दांडी लांब होते. त्या वाढीसाठी ही जागा असते. या फटीमुळेच रॉकर प्रत्येक वेळी व्हॉल्व्हवर हलकेच आपटतो आणि टिकटिक ऐकू येते. वर्षानुवर्षे उघडझाप होऊन व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत झिजत आत सरकतो आणि फट हळूहळू मिटते. फट मिटली की टिकटिक थांबते. इंजिन अधिक शांत वाटते. परंतु तापल्यावर तो व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि दाब त्या चिंचोळ्या वाटेने निसटून जातो. इंजिन सावकाश फिरत असताना निसटायला वेळ अधिक मिळतो, म्हणून उभ्या गाडीत थरथर जास्त जाणवे. वेग वाढला की निसटायला अवधी कमी, म्हणून सपाटीवर लक्षण झाकले जाई. घाटात मात्र चारही सिलिंडरांचा पूर्ण जोर लागतो, आणि तेथे एक जण आपला वाटा उचलीत नव्हता. सुटी वाटणारी सर्व लक्षणे एका वाक्यात बसली.

भाषेतही अशी अर्थपूर्ण शांतता असते. ‘घोडा’ चे अनेकवचन ‘घोडे’. ‘दगड’ चे अनेकवचन ‘दगड’ असेच राहते. एक दगड, दोन दगड. येथे प्रत्यय नाही असे म्हणण्याऐवजी आपण शून्य प्रत्यय आहे असे म्हणतो. पाणिनीने तर जे असायला हवे ते न दिसणे यालाच ‘लोप’ ही संज्ञा दिली आणि अभावाला व्याकरणात जागा करून दिली. परंतु एक गोष्ट ध्यानात ठेवा. ‘दगड’ मधील शून्य आपल्याला दिसते, कारण ‘घोडे’ मध्ये ए आहे. तिसऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची शांतता मिस्त्रींना ऐकू आली, कारण उरलेले सात व्हॉल्व्ह टिकटिकत होते. सर्व व्यवस्था ठाऊक असल्याखेरीज त्यातील उणीव कोणालाही ऐकू येत नाही.

इंजिन गार झाल्यावर कव्हर उघडले. त्या जागी फिलर गेजचे सर्वांत पातळ पानही आत जाईना. उत्पादकाने सांगितलेली फट होती ०.२० मिलिमीटर. मिस्त्रींनी नट सैल केला, स्क्रू थोडा फिरविला, पान आत-बाहेर सरकवून हाताला लागणारी ओढ पाहिली आणि नट आवळला. दाब पुन्हा मोजला तेव्हा तो १२५ वर आला होता. “वेळेत आणली सर. अजून महिना-दोन महिने चालवली असती तर व्हॉल्व्ह जळला असता. मग हेड उतरवायला लागलं असतं.” एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बैठकीवर टेकतो तेव्हाच त्याची उष्णता बैठकीत उतरते, टेकला नाही तर तो तापून तापून जळतो. म्हणजे पहिल्या कार्यशाळेने सांगितलेले मोठे काम कधीच निघाले नसते असे नाही. फरक एवढाच की मिस्त्रींनी परीक्षा आधी घेतली आणि निर्णय नंतर दिला. त्यांनी पाचशे रुपये घेतले आणि हजार किलोमीटरनंतर फट पुन्हा दाखवायला बजावले.

नव्या गाड्यांत ही सारी खटपट उरलेली नाही, असे तुम्ही म्हणाल. स्कॅनर जोडला की पडद्यावर ‘पी ०३०३’ असे उमटते आणि तिसरा सिलिंडर नीट पेटत नाही एवढे क्षणात कळते. हे खरे आहे, आणि उपयुक्तही आहे. पण तो सांकेतिक क्रमांक तुम्हांला वायर उपसण्याच्या परीक्षेपर्यंतच आणून सोडतो. प्लग, वायर, इंजेक्टर, हवा, रिंग की व्हॉल्व्ह, हे त्यात लिहिलेले नसते. तो शब्द आहे. त्याचा अर्थ शोधण्यासाठी एकेक गोष्ट बदलून ऐकणारा माणूस लागतोच.

तुमच्यातील जे कोणी हातात पाना धरतात, त्यांना मला विशेषतः सांगायचे आहे. स्वनिम, न्यूनतम युग्म, शून्य प्रत्यय ही नावे परीक्षेसाठी पाठ करावी लागतील. परंतु त्यामागील विचार तुम्ही रोज करीत आहात. मी पंचवीसहून अधिक वर्षे जी पद्धत फळ्यावर शिकवीत आलो, तीच वाईच्या मिस्त्रींनी एकही पारिभाषिक संज्ञा न वापरता एका दुपारी करून दाखविली. त्यांच्या ज्ञानाला पुस्तक नाही. त्यांच्या कानातील टिकटिक त्यांच्याबरोबर जाईल, जर कोणी ती ऐकून, नाव देऊन लिहून ठेवली नाही तर. ‘आचके’ आणि ‘धाप’ यांतील फरक कोणत्याही यंत्रपुस्तिकेत मला आढळला नाही, आणि त्याच फरकाने माझ्या आईची वाट मोकळी केली.

तेव्हा या घटकाचा अभ्यास करताना एक वही जवळ ठेवा. आपल्या कामाच्या जागी बिघाडाला, आवाजाला, वासाला, स्पर्शाला लोक कोणते शब्द वापरतात ते टिपा. कोणता शब्द दुसऱ्याच्या जागी चालतो आणि कोणता चालत नाही, हे जाणत्या माणसाला विचारून पाहा. एका वेळी एकच शब्द बदला. उत्तर आले नाही तर त्या न येण्याचीही नोंद करा.

आईला मी हे सारे समजावून सांगितले तेव्हा तिने शून्य प्रत्ययाकडे दुर्लक्ष केले. मंगळवारी येताना घाटाच्या मधल्या वळणावर ती झोपलेली होती, आणि गाडी तिसऱ्या गिअरवर चढत होती.